तक्त्यात होतं ते वाक्यात आलं का?

समोर आठ नोंदी आहेत. नाव: द ईगल. प्रकार: कॉफी शॉप. जेवण: फ्रेंच. दर: मध्यम. ग्राहकांचं मत: ५ पैकी ३. परिसर: नदीकाठ. मुलांना नेण्यासारखं: हो. जवळची खूण: बर्गर किंग. एवढ्यावरून एक-दोन वाक्यांत या जागेची माहिती द्यायची. हे काम एका माणसाला दिलं होतं. त्याने इंग्रजीत जे लिहिलं त्याचा मराठी आशय असा: ‘तीन तारे मिळालेलं द ईगल हे कॉफी शॉप कुटुंबांना मध्यम दरात जेवणाचा आनंद देतं, सोबत तऱ्हेतऱ्हेच्या वाइन आणि चीज. द ईगल बर्गर किंगजवळ सापडेल.’

वाचायला छान आहे. आता एकेक नोंद बोटाने धरून ताडून पाहा. नदीकाठ कुठेच नाही. ‘फ्रेंच’ गेलं आणि त्याच्या जागी वाइन आणि चीज आलं. ते नोंदींत नव्हतंच. लिहिणाऱ्याच्या मनात फ्रान्स म्हटल्यावर जे उभं राहिलं ते त्याने लिहून टाकलं. बाकी सगळं जागेवर आहे. पण नदीकाठची जागा शोधत निघालेल्या माणसाला या वाक्याचा काही उपयोग नाही.

हा नमुना आहे ‘ई-टू-ई’ नावाच्या संग्रहातला. एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या येकातेरिना नोविकोवा, ओन्द्रेय दुशेक आणि व्हेरेना रीझर यांनी २०१७ साली तो खुला केला. उपाहारगृहांच्या नोंदी आणि त्यांवरून माणसांनी लिहिलेली वर्णनं, अशा ५० हजारांहून जास्त जोड्या त्यात आहेत. लिहिणाऱ्यांपैकी काहींना नोंदी शब्दांऐवजी चित्रांतून दाखवल्या होत्या, म्हणजे ते नोंदीतलेच शब्द उचलून ठेवणार नाहीत आणि भाषा मोकळी येईल. तशी ती आलीही. मोकळेपणाबरोबर वाइन आणि चीजही आलं.

अर्थाचा आराखडा द्यायचा आणि त्यातून यंत्राने वाक्य घडवायचं, या कामाचे अल्गोरिदम गेली चार दशकं एकमेकांशी स्पर्धा करत आहेत. त्यांतला कोणता बरा, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पुण्यात आमचा एक छोटा गट आहे. तालुका, पीक, पिकाची अवस्था, पावसाचा अंदाज, रोगाची शक्यता, सल्ला आणि सल्ल्याची अट असे रकाने भरलेला तक्ता आमच्याकडे येतो. त्यातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणारा मराठी मजकूर तयार करायचा. म्हणून ही तुलना माझ्यासाठी केवळ शोधनिबंधातली राहत नाही. वाक्य कोणाच्या तरी हातात पडणार असतं आणि तो माणूस ते वाचून पंप पाठीवर घेणार असतो.

एक प्रसंग सांगते. द्राक्षाचा हंगाम, बाग फुलोऱ्यात, नोंदीत रोग म्हणून डावणी, सल्ला म्हणून फवारणी, आणि अटीच्या रकान्यात ‘पाऊस उघडल्यावर’. चाचणीसाठी आम्ही दोन पद्धतींनी मजकूर काढला. न्यूरल मॉडेलने, म्हणजे उदाहरणं पाहून स्वतः लिहायला शिकलेल्या यंत्राने, लिहिलं: ‘ढगाळ हवामानामुळे द्राक्षावर डावणीचा प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता आहे, तरी बागायतदारांनी वेळीच फवारणी करावी.’ साच्याने, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यातल्या रिकाम्या जागा भरून, लिहिलं: ‘द्राक्ष, फुलोरा. डावणीची शक्यता आहे. पाऊस उघडल्यावर फवारणी करा.’ पहिलं वाक्य कोणत्याही कृषी मासिकात शोभेल. दुसरं तुटक आहे. आमच्या गटातल्या एकीच्या माहेरी दिंडोरीला बाग आहे. तिने दोन्ही वाचली आणि ‘वेळीच’ या शब्दावर पेन टेकवला. ‘वेळीच म्हणजे कधी? पावसात मारलं तर औषध धुऊन जाईल, एका फवारणीचे पैसे गेले,’ ती म्हणाली. अट गळली होती आणि तिच्या जागी एक गुळगुळीत शब्द येऊन बसला होता. तो इतका सवयीचा होता की आमच्यातल्या बाकी कोणाला काही गेल्यासारखं वाटलंच नव्हतं.

तुलनेचा नेहमीचा यांत्रिक मापदंड लावला तेव्हा पहिल्या वाक्याला जास्त गुण मिळाले. त्या मापदंडाचं नाव ब्लू. २००२ साली आयबीएममधल्या संशोधकांनी तो यंत्रानुवादासाठी मांडला. यंत्राच्या वाक्यातल्या शब्दांच्या छोट्या लडी माणसाने लिहिलेल्या नमुन्यांत किती सापडतात, हे तो मोजतो. नमुन्यांत जागोजागी ‘वेळीच फवारणी करावी’ होतं, त्यामुळे हिशेब बरोबरच होता. पण अट हा त्या हिशेबाचा विषयच नव्हता. या क्षेत्रातले एक जाणते संशोधक एहूद राइटर यांनी ब्लूवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१८ साली घेतला. यंत्रानुवादाच्या प्रणालींची ढोबळ तपासणी करायला तो चालेल, पण आराखड्यातून भाषा घडवण्याच्या कामात त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो पूर्ण पटतो.

आता या अल्गोरिदमांविषयी. साचा सर्वांना माहीत आहे. ‘अमुक येथे तमुक वाजता’ अशी रिकाम्या जागांची वाक्यं आधीच लिहून ठेवायची. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही, फक्त मराठीत साचा इंग्रजीइतका स्वस्त पडत नाही. रिकाम्या जागेत ‘निफाड’ घातलं तर ‘निफाडला’ होतं, ‘येवला’ घातलं तर ‘येवल्याला’, ‘पुणे’ घातलं तर ‘पुण्याला’. सामान्यरूप करणारा छोटा कारखाना प्रत्येक रिकाम्या जागेमागे उभा करावा लागतो. तो केला की तुम्ही नकळत व्याकरणाच्या दारात आलेले असता.

व्याकरणाचा मार्ग मला सर्वांत जास्त आवडतो. तो मराठीच्या अंगाने पाहिला तर जास्तच उलगडतो. आराखडा समजा असा आहे: क्रिया देणे, पूर्ण झालेली, देणारी सुमन, दिलेली वस्तू चावी, घेणारा शेजारी. यातून ‘सुमनने शेजाऱ्याला चावी दिली’ हे वाक्य यायला हवं. बोलताना आपण क्षणभरही थांबत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक पायरी सांगावी लागते. क्रिया पूर्ण आहे आणि सकर्मक आहे, म्हणून सुमनला ‘ने’ लागेल. ‘ने’ लागला की क्रियापद सुमनकडे पाहणं सोडून देतं आणि चावीकडे पाहतं: चावी दिली, दागिना दिला, पुस्तक दिलं. ‘शेजारी’चं ‘शेजाऱ्या’ होऊन मग ‘ला’ येईल. हे भूतकाळामुळे होतं म्हणावं, तर ‘सुमन शेजाऱ्याला चावी देत होती’ हाही भूतकाळच, आणि तिथे ‘ने’ नाही. सकर्मकतेमुळे होतं म्हणावं, तर ‘सुमन चावी विसरली’, ‘सुमन कविता शिकली’ यांत कर्म असूनही ‘ने’ नाही. आणि ‘सुमनने मांजराला पकडलं’ म्हणताना क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहतं. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून शाळेत आपण जे घोकलं, तो खरं तर वाक्य घडवण्याचा अल्गोरिदम आहे. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं आहे. आमच्या कार्यालयात ते संगणकाशेजारी उघडं असतं आणि त्याचा उपयोग रोज होतो.

यात एक अडचण आहे, आणि तिथेच जुन्या संशोधनाची खरी गोडी आहे. ‘ने’ लावायचा की नाही हे क्रियापद ठरवतं, पण मराठीत क्रियापद येतं शेवटी. डावीकडून उजवीकडे वाक्य रचत जाणाऱ्या यंत्राला पहिल्याच शब्दाशी अडायला होतं. नियम वरून खाली उलगडत गेलं की आणखी एक सापळा आहे. ‘माझ्या आईच्या मामाच्या वाड्याचं दार’ यासारख्या रचनेत नामपदाच्या डाव्या टोकाला पुन्हा नामपद, त्याच्या डाव्या टोकाला पुन्हा नामपद. कुठे थांबायचं हे न कळल्याने यंत्र पहिला शब्दही न लिहिता त्याच नियमात फिरत राहतं. यावर १९९० साली स्टुअर्ट शीबर, खेर्त्यान फान नोर्ट, रॉबर्ट मूर आणि फर्नांडो परेरा यांनी उपाय मांडला. वाक्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायचीच नाही. अर्थाचा कणा ज्या शब्दात आहे तो आधी शोधायचा, आणि मग त्याला कोण-कोण हवं आहे ते त्याच्याभोवती जोडत जायचं. ‘देणे’ आधी हातात घ्या; देणारा, घेणारा आणि वस्तू यांच्या जागा ते स्वतःच सांगेल, आणि ‘ने’चा निर्णयही तिथेच होऊन जाईल. क्रियापद शेवटी उच्चारलं तरी विचारात ते पहिलं असतं, असं माझं आधीपासूनच मत होतं. हा निबंध वाचताना ते पक्कं झालं.

मार्टिन के यांनी १९९६ साली दाखवलेली अडचण वेगळ्या जातीची आहे. वाक्य वाचून अर्थ काढताना शब्द ओळीने समोर असतात. शेजारचे शब्दच एकत्र येऊ शकतात. अर्थावरून वाक्य घडवताना नोंदींना क्रम नसतो, त्या नुसत्या पिशवीत टाकलेल्या असतात. के यांच्या उदाहरणात एक उंच, तरुण, पोलिश खेळाडू आहे. यंत्र ‘खेळाडू’ बनवतं, ‘उंच खेळाडू’ बनवतं, ‘तरुण खेळाडू’, ‘पोलिश खेळाडू’, ‘उंच तरुण खेळाडू’, अशी तीन विशेषणांची आठ पदं तयार होतात. प्रत्येक पद पुढे ‘धावला’शी जुळतं, ‘वेगाने धावला’शी जुळतं, आणि भलामोठा तक्ता भरत जातो. त्यातली बहुतेक रचना वाया जाते, कारण शेवटी सगळ्या नोंदी असलेलंच वाक्य हवं असतं. विशेषणं दहा झाली की पदं १०२४. के यांनी सुचवलेली छाटणी साधी आणि सुंदर आहे. खेळाडूविषयीची एखादी नोंद बाहेर शिल्लक असेल आणि पुढच्या रचनेत खेळाडूपर्यंत पुन्हा पोचता येणार नसेल, तर ते अर्धवट पद तिथेच टाकून द्यायचं.

या छाटणीचा विचार मी पुष्कळदा करते. ‘सांगायचं राहिलेलं काही आहे का’ ही तपासणी इथे वाक्य घडतानाच होते, अल्गोरिदमच्या पोटात. नोंद गाळून पुढे जाण्याची मुभाच नाही. यंत्र अडलं तर अडेल, वाक्य येणारच नाही, पण आलं तर पुरं येईल.

पुढे काही काळ मधली वाट चालली. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आयरीन लँगकिल्ड आणि केविन नाइट यांनी १९९८ साली ‘नायट्रोजन’ नावाची प्रणाली केली. व्याकरणाने ढिलेपणाने पुष्कळ वाक्यं सुचवायची आणि वर्तमानपत्रांतून मोजलेल्या शब्दजोड्यांच्या वारंवारतेवरून त्यांतलं सर्वांत स्वाभाविक निवडायचं. मराठीसाठी ही वाट अजूनही उपयोगाची आहे, असं मला वाटतं. ‘सुमनने शेजाऱ्याला चावी दिली’, ‘शेजाऱ्याला चावी सुमनने दिली’, ‘चावी शेजाऱ्याला दिली सुमनने’: तिन्ही शुद्ध, तिन्हींचा आराखडा एकच. पण ‘चावी कोणी दिली?’ या प्रश्नाला दुसरं शोभतं. हे आराखड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आपल्याकडच्या वैयाकरणांना हे फार आधी कळलेलं होतं. पाणिनीच्या जवळजवळ चार हजार सूत्रांची रचना अर्थाकडून शब्दाकडे येणारी आहे: काय घडलं, त्यात कोणाची भूमिका कोणती, हे कारकांत बसवायचं, मग प्रत्यय, मग संधी. त्या परंपरेत पातेल्याचं उदाहरण येतं. ‘स्थाल्यां पचति’ (पातेल्यात शिजवतो) म्हटलं की पातेलं अधिकरण, म्हणजे जागा; ‘स्थाल्या पचति’ (पातेल्याने शिजवतो) म्हटलं की तेच करण, म्हणजे साधन; आणि ‘स्थाली पचति’ (पातेलं शिजवतं) म्हटलं की पातेलं स्वतःच कर्ता. चूल तीच, भात तोच. बदलते ती बोलणाऱ्याची विवक्षा, म्हणजे त्याला काय सांगायचं आहे ते, आणि कारकं विवक्षेवर ठरतात. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे संदेश आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. पाणिनीचं खरं देणं त्याहून कितीतरी मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. वाक्य घडवताना घटनेबरोबर बोलणाऱ्याची विवक्षाही हातात असावी लागते, ही गोष्ट आजच्या अनेक आराखड्यांत अजून आलेली नाही.

आराखडे तरी किती तऱ्हांचे. २०१३ साली मांडलेल्या ‘एएमआर’ या पद्धतीचं नेहमीचं उदाहरण म्हणजे मुलाला जायची इच्छा आहे. इच्छा हा गाठीचा बिंदू, इच्छा करणारा मुलगा, इच्छेचा विषय जाणं, आणि जाणाराही तोच मुलगा. आकृती देखणी आहे. पण तिच्यात काळ नाही आणि वचनही नाही. ‘मुलाला जायचंय’, ‘मुलाला जायचं होतं’, ‘मुलांना जायचं असेल’ या सगळ्यांची आकृती एकच. उलटं वाक्य घडवणाऱ्याने काळ आणायचा कुठून? अंदाजाने. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या टोकियोतल्या संस्थेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘यूएनएल’ या दुसऱ्या पद्धतीत भूतकाळ, अनेकवचन यांच्या खुणा आराखड्यातच घालता येतात. त्यावर मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी-मराठीसाठी काम केलं. आराखडा घ्यायचा, शब्दकोशातून शब्द निवडायचे, विभक्ती आणि रूपं लावायची, शेवटी क्रम ठरवायचा, अशा नियमांच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या. म्हणून मला नुसती अल्गोरिदमांची तुलना अपुरी वाटते. एकाला काळ दिला आणि दुसऱ्याला दिलाच नाही, तर दोघांची वाक्यं शेजारी ठेवून गुण देण्यात अर्थ नाही.

आता न्यूरल मॉडेल. हजारो जोड्या दाखवायच्या, नियम सांगायचाच नाही. मॉडेल एकेक शब्द डावीकडून उजवीकडे लिहीत जातं. ‘सुमनने’ लिहिलं तेव्हाच पुढच्या क्रियापदाचं रूप बांधलं गेलं, आणि पुरेशी उदाहरणं पाहिलेली असतील तर ते शेवटी ‘दिली’ बरोबर आणतं. हे थक्क करणारं आहे, आणि मी ते मोकळेपणाने म्हणते. ज्या नियमासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे घालवले तो त्याने न सांगता उचलला. पण मॉडेलच्या बांधणीत के यांच्यासारखी तपासणी नाही. सगळ्या नोंदी संपल्या का, हे विचारणारं आत कोणी नाही. वाक्य नेहमीसारखं वाटलं की ते थांबतं.

ई-टू-ई संग्रहावर जी स्पर्धा झाली तिचे निकाल म्हणूनच मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. ११ देशांतल्या १७ संस्थांच्या ६२ प्रणाली आल्या. माणसांनी केलेल्या परीक्षणात दर्जा आणि स्वाभाविकपणा असे दोन निकष वेगळे ठेवले होते. दर्जात सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची ‘स्लग’ पहिली आली. ती न्यूरल होती, पण नोंदी नीट उतरल्या का हे तपासण्याची सोय तिला स्वतंत्रपणे जोडलेली होती. स्वाभाविकपणात शेफील्डची एक प्रणाली पहिली आली, आणि दर्जाच्या यादीत तीच तळाकडे होती, कारण ती नोंदी गाळत होती. थोडं सांगितलं की वाक्य सुटसुटीत होतं आणि ओघवतं वाटतं. हे दोन निकष एकत्र केले असते तर ही गोष्ट कोणाला दिसलीच नसती. डार्मस्टाटच्या गटाने न्यूरल मॉडेल आणि साचे दोन्ही करून पाहिले. यांत्रिक गुण न्यूरल मॉडेलला जास्त होते, तरी त्यांनी मुख्य प्रवेशिका म्हणून साचाच पाठवला आणि परीक्षकांच्या लेखी तो दर्जात वरच्या गटांत बसला. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. स्वतःच्याच मॉडेलचे आकडे चांगले दिसत असताना दुसरी गोष्ट पुढे करायला धारिष्ट्य लागतं.

या कहाणीचा पुढचा भाग २०१९ चा. दुशेक, डेव्हिड हाउक्रॉफ्ट आणि रीझर यांनी तोच संग्रह स्वच्छ केला. वाक्यात जे खरोखर सांगितलं आहे तेवढंच नोंदीत राहील अशी दुरुस्ती केली, आणि मॉडेलं पुन्हा शिकवली. अर्थाच्या चुका ९७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या, ओघ तसाच राहिला. म्हणजे नोंदी गाळण्याची आणि मनाची भर घालण्याची खोड बऱ्याच अंशी शिकवलेली होती. द ईगलवर लिहिणाऱ्याने नदीकाठ सोडला होता, मॉडेलनेही तेच उचललं.

मराठीसाठी ही गोष्ट फार जिव्हाळ्याची आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी २०२२ साली ‘एक्स-अलाइन’ नावाचा संग्रह दिला. इंग्रजी नोंदी आणि भारतीय भाषांतल्या विकिपीडियामधली वाक्यं यांच्या जोड्या त्यात आहेत, आणि त्यात मराठी आहे. आपल्या भाषेला या नकाशावर जागा मिळाली याचा मला आनंद झाला. पण अशा जोड्या आपोआप जुळवलेल्या असतात. वाक्यात नोंदींपेक्षा जास्त मजकूर असण्याची शक्यता राहतेच, आणि त्यावर शिकलेलं मॉडेल भर घालायला शिकणार हे उघड आहे. मोठा साठा जमवण्याच्या घाईत थोडासा पण नीट ताडलेला साठा मागे पडू नये, असं मला कळकळीने वाटतं. हे ताडण्याचं काम मराठीचे शिक्षक, मुद्रितशोधक आणि भाषांतरकार उत्तम करतील. त्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

आबर्डीनमधलं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींसाठी वाऱ्याचा अंदाज लिहिणारी ‘समटाइम-मौसम’ ही प्रणाली राइटर, सोमयाजुलु श्रीपाद आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांनी आधी अंदाज लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे मजकूर मूळ आकड्यांशी ताडून पाहिले. ‘संध्याकाळपर्यंत’ या अर्थाचा शब्द कोणी संध्याकाळी ६ साठी वापरत होता, तर कोणी मध्यरात्रीसाठी. यंत्रात शब्दांच्या वेळा एकदाच ठरवून पक्क्या केल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वाचकांनी माणसांपेक्षा यंत्राचा मजकूर पसंत केला. ते सगळे नियम होते, न्यूरल काहीच नव्हतं. आमच्याकडेही ‘पहाटे’ आणि ‘सकाळी’ यांच्या वेळा आम्ही शेतकऱ्यांना विचारून ठरवल्या. शहरातल्या आमच्या मंडळींची सकाळ जेव्हा सुरू होते तेव्हा शेतात निम्मं काम उरकलेलं असतं.

आजची महाकाय भाषा-मॉडेलं माझ्या तक्त्यावरून अस्खलित मराठी लिहितात. रूपांच्या चुका फारशा नाहीत, नोंदीही बहुधा सगळ्या येतात. पण ‘बहुधा’ हा शब्द फवारणीच्या सल्ल्यात मला चालत नाही. चूक क्वचित होऊ लागली की ती पकडणारी नजरही सैल होते. शंभर मजकूर नीट आले की एकशे एकावा आपण वरवर वाचतो. म्हणून आमच्याकडे सध्या रचना अशी आहे: अट, मात्रा आणि वेळ हे तीन रकाने व्याकरणाच्या नियमांनीच वाक्यात येतात, मॉडेलला त्यांना हात लावता येत नाही. बाकीची वाक्यं मॉडेल लिहितं. मग एक वेगळा छोटा प्रोग्राम तयार मजकुरावरून तक्ता उलटा भरतो आणि मूळ तक्त्याशी ताडतो. एकही रकाना वेगळा निघाला तर तो मजकूर जात नाही, साच्याचा तुटक मजकूर जातो.

पुढच्या हंगामाआधी तक्त्यात आणखी एक रकाना घालायचा विचार चालू आहे: शेतकऱ्याला कालच्या संदेशातून आधीच काय कळलेलं आहे. तो असला तर ‘फवारणी पाऊस उघडल्यावर करा’ आणि ‘पाऊस उघडल्यावर फवारणी करा’ यांतलं कोणतं वाक्य आज पाठवायचं हे यंत्राला ठरवता येईल. गटातल्या काहींचं म्हणणं आहे की हा रकाना मॉडेलनेच अंदाजाने भरावा. माझं मत वेगळं आहे. काल कोणाला काय पाठवलं याची नोंद आपल्याकडे आहे, आणि जे नोंदीत आहे त्याचा अंदाज करायचं कारण नाही.